धुतलेला मासा

मुक्ताईची नि माझी ओळख भांडणातून झाली. पुण्यात टिकणाऱ्या ओळखी बहुधा अशाच होतात. गोड बोलून झालेल्या ओळखी गणपतीच्या वर्गणीपर्यंत टिकतात. तिचा नवरा नागोराव मांजरी गावातल्या आमच्या सोसायटीचा रखवालदार. मागच्या भिंतीला लागून त्या कुटुंबाला दोन खोल्या दिलेल्या होत्या. ऐन एप्रिलात, सोसायटी टँकर मागवत असताना, मुक्ताई बोअरच्या नळाला रबरी नळी लावून एक मोठी काळी टाकी भरताना मला दिसली. मी तडक खाली उतरले आणि हे पाणी कशासाठी म्हणून विचारलं. मासे धुवायला, ती म्हणाली. मी म्हटलं, मासे जन्मभर पाण्यातच असतात, त्यांना आता आणखी कसलं अभ्यंगस्नान घालताय?

तिला राग आला नाही. साठीला टेकलेली, काटक बाई, लुगड्याचा पदर कमरेला खोचलेला. तिने नळी जराशी वर उचलली, मला वाकून बघ म्हणून खूण केली. टाकीच्या तळाशी काळसर, हातभर लांब मासे एकमेकांवर अंग घासत होते.

"नदीचं पानी त्याच्या पोटात आहे, जी बाई," ती म्हणाली. "ते उतरवाले आठ दिवस लागते."

त्या टाकीतून पुढे काय निघणार आहे हे मला त्या दिवशी कळलं असतं, तर मी ती दगड घालून फोडली असती. पण मला काही कळलं नाही. मी फक्त सोसायटीच्या सेक्रेटरीकडे तक्रार केली. सेक्रेटरी माझे यजमान, दीनानाथ. त्यांनी चष्मा पुसत पुसत सांगितलं की अशा टाकीला फारसं पाणी लागत नाही आणि शेजारधर्म म्हणूनही काही असतो. माझ्या घरात शेजारधर्म इतक्या अचानक कसा उपजला हे मला पुढच्या रविवारी समजलं. गेल्या वर्षी त्यांच्या हृदयात स्टेंट बसवली, तेव्हा डॉक्टरांनी त्यांना मासे खायला सांगितले होते. आमच्या घराण्यात मासा फक्त दशावतारातला माहीत, म्हणून मी तो विषय तिथेच संपवला होता. त्यांनी मात्र तो मुक्ताईच्या दारात, पाटावर बसून पुन्हा सुरू केला होता.

मग मीही रविवारी तिकडे जाऊन बसू लागले, आधी नवऱ्यावर लक्ष ठेवायला आणि पुढे मुक्ताईचं बोलणं ऐकायला. मी खात नव्हते, पण नाक मुरडायचंही सोडून दिलं. याचं एक कारण असं की तिच्या माशाला वासच येत नसे.

मुक्ताई भंडाऱ्याकडची, ढिवराची लेक. तिकडे गावोगाव तलाव, आणि तलाव नाही तिथे बोडी, म्हणजे शेतातलं लहानसं तळं. तिचा बाप जाळं टाकायचा, आई डोक्यावर टोपली घेऊन विकायची. गावच्या तलावाचा ठेका दुसऱ्यांकडे गेला तेव्हा नागोराव पुण्याला आला आणि मागोमाग ही आली. पुण्यात तिला सगळं चाललं: माणसांचं तुटक बोलणं चाललं, आमटीतला गूळसुद्धा चालला. मासा मात्र तिला पटेना. बाजारात बर्फावर निजलेला समुद्राचा मासा पाहून ती म्हणे की हा कधी मेला हे त्याच्या आईलाही ठाऊक नसेल. तिला गोड्या पाण्यातला मासा हवा होता आणि तोही जिवंत. तिच्या माहेरचा कायदा एका ओळीचा होता: मेलेला मासा खोटं बोलतो, जिवंत मासा बोलत नाही.

मांजरीत नदी होतीच. ती कशी आहे ते मी सांगायला नको. पुण्याने सगळं काही पोटात घालून झालं की जे उरतं ते आमच्याकडे वाहत येतं. पाणी काळं, कडेला जलपर्णी, आणि काही सकाळी बंधाऱ्याखाली पांढऱ्या फेसाचे ढीग. पण त्या पाण्यातही काही भोई अजून जाळी टाकत आणि त्यांना मरळ मिळे. मरळ हा दांडगा मासा. पाण्यातली हवा संपली की वर येऊन तोंडाने हवा घेतो, दुसरे मासे मरतात तिथे तो जगतो. मुक्ताईला त्याचं भारी कौतुक. पहाटे जाऊन ती भोयांकडून मरळ घ्यायची आणि पाण्याच्या डब्यात घालून जिवंत आणायची.

धुण्याची रीत तिच्या माहेरचीच होती. उन्हाळ्यात आटलेल्या तळ्यातला मासा चिखलाच्या वासाचा निघे, म्हणून तो विहिरीच्या पाण्यात आठवडाभर उपाशी ठेवायचा. पोट रिकामं होतं, चिखल सुटतो, मासा गोड लागतो. यात खोटं काहीच नव्हतं. पुण्यात ती बरीच वर्षं हे एका घमेल्यात, घरच्यापुरतं, कधीमधी करायची. मोठी टाकी आली ती सुनेसाठी.

सून म्हणजे उत्कर्षा. मुक्ताईचा मुलगा शुभंकर हिंजवडीला कंपनीची बस चालवायचा. सकाळी अंधारात जायचा आणि रात्री वाहतुकीत अडकून आंबलेला परत यायचा. उत्कर्षा औषधांच्या दुकानात काउंटरवर उभी राहायची. शांत मुलगी, बोलली तर मोजकं. आदल्या वर्षी तिचं पहिलं बाळ चौथ्या महिन्यात पोटातच गेलं होतं. त्यानंतर मुक्ताई तिच्याशी जपून वागे, आणि त्या मार्चात पुन्हा दिवस राहिले तेव्हा मुक्ताईने जणू कंबरच बांधली. डॉक्टर म्हणाले, रक्त कमी आहे, पौष्टिक खायला घाला. पौष्टिक म्हणजे काय हे मुक्ताईला डॉक्टरने सांगायची गरज नव्हती.

अडचण एकच होती. उत्कर्षाला त्या माशाचा वास सहन होईना. भोयांकडून आणलेला मासा घरात आला की ती उठून बाहेर जाई. म्हणे, याला रॉकेलचा वास येतो, गटाराचा येतो. मुक्ताईला तो डोहाळ्यांचा चोचलेपणा वाटला, पण तिने सुनेला बोल लावला नाही. उलट तिने टाकी मिळवली, पाणी मिळवलं, आमच्या सेक्रेटरींनाही मिळवलं, आणि मासे आठ-आठ दिवस धुवायला सुरुवात केली. दर दिवसाआड पाणी बदलायचं, तळ खरवडायचा. एके दिवशी तिने धुतलेली मरळ रांधली आणि उत्कर्षा ताट घेऊन गपचूप जेवली. त्या दिवशी मुक्ताई आमच्या दारात येऊन सांगून गेली. एवढा आनंद मी तिच्या चेहऱ्यावर आधी पाहिला नव्हता.

टाकीपाशी तिची आणखी एक पद्धत होती. तिच्याकडे एक पितळी वाटी होती. ती रोज सकाळी टाकीच्या काठाशी बसून वाटीवर चमचा मारायची. दोनचार दिवसांत मासे त्या आवाजाला सरावत आणि ठण्ण झालं की सगळी तोंडं तिच्याकडे वळत. जो वळणार नाही तो आजारी. असा मासा ती विकत नसे, घरातही घेत नसे, लांब नेऊन पुरत असे. मला हे फार आवडायचं. आमच्या इथे दूधवाल्यापासून बिल्डरपर्यंत कोणीच आपला माल असा तपासून देत नाही.

धुतलेल्या माशाची कीर्ती पसरायला वेळ लागला नाही. विदर्भातून आलेली कामगार मंडळी आधी आली, मग मांजरीत खोल्या करून राहणारे विद्यार्थी, मग शुभंकरच्या बसमधली आयटीतली पोरं रविवारी मोटरसायकलवरून यायला लागली. नदीचा मासा वासामुळे न खाणारे लोक तिचा मासा खाऊ लागले. नाक्यावर कोंबडी आणि मासे विकणारा जयसिंग नावाचा इथलाच एक तरुण आहे, तोही एकदोनदा येऊन टाकी न्याहाळून गेला. मुक्ताईने त्याला सगळं समजावून सांगितलं. लपवण्यासारखं त्यात काय होतं, असं तिला वाटे.

विकताना ती मासा साफ करून द्यायची. गिऱ्हाइकाला हवं असायचं मांस. डोकं, काळीज म्हणजे कलेजी, आणि अंड्यांची गाभोळी त्यांना नको. ते सगळं घरी राही. आणि ते उरलंसुरलं म्हणून नव्हे. एका रविवारी दीनानाथांच्या ताटात तिने मरळीची मधली जाड तुकडी वाढली आणि उत्कर्षाच्या ताटात लसणीवर परतलेली काळजं आणि डोक्याचा रस्सा. मी आपलं थट्टेने म्हटलं की सुनेला टाकाऊ आणि आमच्या ह्यांना राजभोग, हा कुठला न्याय? मुक्ताई माझ्या अडाणीपणाला हसली. म्हणाली, तुकडी पाहुण्याची असते, काळीज घरच्याचं. त्यातही घरात कोणी दोन जिवांची असेल तर पहिलं काळीज तिचं, मग बाकीच्यांनी हात लावायचा. तिच्या आईने तिच्या वेळी असंच केलं होतं. उत्कर्षा खाली मान घालून डोक्यातली मऊ हाडं चावून रस्सा ओढत होती. आमच्याकडे सुनांना काय काय वाढलं जातं ते मला माहीत आहे, त्यामुळे मला मुक्ताईचा अभिमान वाटला.

जुलैत माझी भाची तनया राहायला आली. ती एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होती आणि तिचा प्रोजेक्ट होता नदीतल्या माशांवर: त्यांच्या अंगात शिसं, कॅडमियम असले जड धातू किती उतरतात हे बघायचं. मी तिला खाली घेऊन गेले. मुक्ताईला तपासणीची कल्पना एकदम पसंत पडली. तिने भोयांकडून आणलेल्या ताज्या मरळी दिल्या आणि टाकीतल्या धुतलेल्याही दिल्या. दोन्ही तपासा, म्हणाली, धुतलेल्यात काही सापडलं तर मी आपलं नाव बदलून घेईन. तनयाला मांस हवं होतं, कल्ले हवे होते, हाडं आणि काळीजही हवं होतं. काळीज म्हटल्यावर मुक्ताई जरा घुटमळली. मग ते तिने स्वतःच्या हाताने बाटलीत घातलं.

"सुनेच्या वाटचं आहे, पोरी," ती म्हणाली. "वाया नको घालू."

निकाल यायला गणपती उजाडले. तनयाने फोन केला नाही, ती स्वतः आली. मी चहा दिला तो तिने तसाच ठेवला. मग तिने मला समजावलं, आणि मी ते माझ्या शब्दांत सांगते. मांसात धातू होते, पण फार नव्हते. आठवड्यातून एकदा तुकडी खाणाऱ्या दीनानाथांना लगेच काही व्हायचं नाही. पण कल्ल्यांत आणि हाडांत शिसं होतं, काळजात कॅडमियम होतं, आणि ते इतकं होतं की तिच्या सरांनी तपासणी पुन्हा करायला लावली. पुन्हा तेच आलं. धुतलेल्या आणि न धुतलेल्या माशांत काडीचा फरक नव्हता. आठवडाभर चांगल्या पाण्यात ठेवलं की पोटातली घाण जाते, वास जातो. धातू जात नाही. तो जायला महिनोन्‌महिने लागतात आणि हाडातला तर जातच नाही.

मी विचारलं, एवढं विष अंगात असून ते मासे इतके तरतरीत कसे? तनया म्हणाली की म्हणूनच तर तरतरीत. मासा विष मांसात फिरू देत नाही. काळजात आणि हाडात नेऊन कोंडतो आणि स्वतः जगतो. जो असं करू शकत नाही तो केव्हाच मेलेला असतो. भोयांच्या जाळ्यात येतात ते सगळे जगलेले. मग ती म्हणाली की आत्या, ती काळजं आणि डोकी नेमकी कोण खातं, ते मला त्यांना विचारायचं आहे.

मला उत्तर माहीत होतं.

आम्ही खाली गेलो तेव्हा मुक्ताई ओट्यावर बसून लसूण सोलत होती. उत्कर्षाला तेव्हा सहावा संपत आला होता. ती आत पंख्याखाली पडली होती आणि दार उघडं होतं. तनयाने फार हळुवारपणे विचारलं. मुक्ताईचा चेहरा खुलला. आपल्या घरचं कौतुक कोणीतरी विचारतंय असं तिला वाटलं असणार. तिने सगळं सांगितलं: पहिलं काळीज कोणाचं, डोक्याचा रस्सा कसा करायचा, सुनेचं रक्त कसं वाढतंय. एकसुद्धा काळीज दुसऱ्या कोणाला दिलं नाही, असंही तिने सांगितलं.

मग तनयाने तिला सांगितलं. मुलगी हुशार आहे, तिने अवघड शब्द वापरले नाहीत. मुक्ताई ऐकत राहिली, हातातली लसणाची पाकळी तिने खाली ठेवली नाही. ऐकून झाल्यावर ती उठली, टाकीशी गेली आणि वाटीवर चमचा मारला. सगळे मासे वळले.

"पाहा," ती तनयाला म्हणाली. "सारे वळले. एकबी दुखनाईत नाही."

मुक्ताईने पुन्हा वाटी वाजवली, आणखी जोरात. मासे पुन्हा वळले, चकाकत्या पाठी एकाला एक लागल्या. मग तिचा हात खाली आला.

"मंग मी धुतलं काय?" तिने विचारलं. तिचा आवाज अगदी साधा होता.

"वास, मावशी," तनया म्हणाली.

आतून उत्कर्षा उठून दाराशी आली होती. तिने चौकटीला हात टेकला होता, दुसरा पोटावर होता. तिने किती ऐकलं होतं कोण जाणे, बहुतेक सगळंच. ती रडली नाही, ओरडली नाही. सासूकडे बघून एवढंच म्हणाली, "आई, मले वास येत होता."

मी माझ्या आयुष्यात खूप भांडणं पाहिली आहेत आणि त्यातली बरीच मी स्वतःच लावली आहेत. एवढं कमी बोलून कोणाला इतकं मोडलेलं मी पाहिलं नाही. त्या पोरीचं शरीर बरोबर सांगत होतं. सासूने मायेपोटी, रोज राबून, त्या शरीराचं तोंड बंद केलं होतं. कोणीतरी दुष्ट असतं तर बरं झालं असतं. त्याच्यावर तोंड तरी सोडता आलं असतं.

दुसऱ्या दिवशी शुभंकरने बसवर न जाता बायकोला दवाखान्यात नेलं. मीही सोबत गेले. उत्कर्षाच्या रक्तात शिसं असायला नको तितकं निघालं. डॉक्टरीण बाईंनी मासा ताबडतोब बंद करायला सांगितला, कॅल्शियमच्या गोळ्या वाढवल्या आणि दूध, भाज्या वगैरे लिहून दिलं. शुभंकरने विचारलं की हे रक्तातून काढून टाकायला काही औषध आहे का. एवढ्यासाठी, आणि तेही गरोदरपणात, औषध देत नाहीत असं त्या म्हणाल्या. बाळापर्यंत पोचलं असेल का, यावर त्या म्हणाल्या की आईच्या रक्तात जे असतं ते बाळाकडे जातं. ही गोष्ट त्यांनी टेबलावरचा कागद सरळ करत सांगितली.

शुभंकरने आईशी भांडण केलं नाही. केलं असतं तर परवडलं असतं. तो तिच्याशी कामापुरतं बोलू लागला. उत्कर्षा स्वतःचं ताट स्वतः वाढून घेऊ लागली. मुक्ताईने टाकी रिकामी केली. मासे नदीत सोडावेत तर भोई पुन्हा धरणार, विकावेत तर कसे विकणार. शेवटी तिने ते सगळे मारून सोसायटीच्या मागच्या पडीक जागेत पुरले. जे वाटीला वळतात त्यांना पुरायची वेळ तिच्यावर प्रथमच आली होती. नागोराव खड्डा खणत होता आणि ती पाट्या ओतत होती. दीनानाथ गॅलरीतून बघत होते. त्या दिवशी ते जेवले नाहीत.

रविवारी गिऱ्हाइकं आली तशी मुक्ताईने एकेकाला सांगायला सुरुवात केली. हा मासा खाऊ नका, निदान डोकं आणि काळीज तरी खाऊ नका, आणि पोटुशी बाई घरात असेल तर तिला तर नकोच नको. लोकांनी ऐकून घेतलं. काहींना वाटलं, भाव वाढवायचा डाव आहे. आयटीतल्या एका पोराने मोबाइलमध्ये काहीतरी शोधून सांगितलं की हल्ली सगळ्यातच सगळं असतं, भाजीतही असतं, मग खायचं काय. या बोलण्याला उत्तर नसतं म्हणूनच लोक ते बोलतात. पुढच्या रविवारी कोणी आलं नाही.

कारण नाक्यावर जयसिंगने दोन टाक्या मांडल्या होत्या आणि वर रंगवलेली पाटी लावली होती: "धुतलेले मासे, वास नसल्याची गॅरंटी, नाहीतर पैसे परत." मुक्ताई तिथे जाऊन उभी राहायला लागली. गिऱ्हाईक आलं की त्याला सांगायची. जयसिंगने आधी हसून सोडून दिलं. एकदा मी भाजी आणायला गेले असताना तो तिला म्हणताना मी ऐकलं, "मावशी, तुमच्याकडनंच शिकलो की मी. तवा मासा ग्वाड हुता, आता कडू झाला व्हय?" मुक्ताईने त्याच्या टाकीत वाकून पाहिलं. त्याने गंमत म्हणून टाकीच्या काठावर सुरीचा दांडा आपटला, आणि मासे वळले. त्याला ही युक्तीही तिनेच शिकवली होती. एक तरुण बाई मरळ घेत होती. तिचं पोट पुढे आलेलं होतं आणि ती म्हणत होती की आमच्या ह्यांना मांस घाला, मला डोकं वेगळं बांधून द्या. मुक्ताईने तिचा हात धरला. त्या बाईने तो झटकला आणि वेडी आहे का काय, असं माझ्याकडे बघून विचारलं. मी मुक्ताईच्या बाजूने पुष्कळ बोलले. माझ्या बोलण्याचा लोकांवर परिणाम होतो असा माझा समज होता. त्या बाईने पिशवी उचलली आणि ती निघून गेली.

तनयाने तिचा अहवाल जिथे द्यायचा तिथे दिला. मी एका कार्यालयात अर्ज नेला, तिथून दुसऱ्या कार्यालयात. नदीचं पाणी एकाचं, मासा दुसऱ्याचा आणि दुकान तिसऱ्याचं, असं मला समजावण्यात आलं. खाणारा कोणाचा, हे मी विचारलं. ते कोणाकडे येत नव्हतं.

डिसेंबरात उत्कर्षाला मुलगी झाली. दिवस पूर्ण भरले, वजन थोडं कमी, रडणं खणखणीत. नाव अवनी ठेवलं. बाळाचं रक्त तपासलं, त्यातही शिसं निघालं. डॉक्टरीण बाई म्हणाल्या की मुलगी आत्ता ठीक आहे. कदाचित पुढेही ठीक राहील, पुष्कळ मुलं राहतात. पण कान, बोलणं, शाळेतलं डोकं यांच्यावर लक्ष ठेवा, कारण याचा त्रास झाला तर सावकाश कळतो. किती दिवस लक्ष ठेवायचं असं मुक्ताईने विचारलं. शाळेत जाईपर्यंत तरी, असं उत्तर मिळालं.

तेव्हापासून मुक्ताईचं तेच काम झालं आहे. आता ती मासे विकत नाही. सकाळी मेथी, कोथिंबीर घेऊन बसते आणि दुपारी नात सांभाळते, कारण उत्कर्षा कामावर जायला लागली. नात आजीकडे ठेवायची की नाही यावर त्या घरात बराच काळ गप्प गप्प वाद चालू होता. एके दिवशी उत्कर्षाने आपणहून बाळ तिच्या मांडीवर ठेवलं आणि ती निघून गेली. खाऊचा डबा मात्र ती स्वतः भरून ठेवते, आणि मुक्ताई त्या डब्याबाहेरचा एक घासही बाळाला देत नाही. साधं केळंसुद्धा विचारून देते.

परवा मी खाली गेले तेव्हा अवनी ओट्यावर बसून डब्याच्या झाकणाशी खेळत होती. गुटगुटीत झाली आहे, गालाला खळी पडते. सव्वा वर्षाची झाली, अजून एकही शब्द बोलत नाही. काही मुलं उशिरा बोलतात. मुक्ताई तिच्या पाठीमागे, दाराआड उभी होती. तिच्या हातात ती पितळी वाटी होती. तिने चमचा मारला, ठण्ण झालं, आणि अवनीने मान वळवून आजीकडे पाहिलं आणि हसली. मी म्हटलं, बघा, कशी पटकन वळली, कान अगदी तिखट आहेत पोरीचे, उगाच जिवाला घोर लावून घेता तुम्ही.

मुक्ताईने वाटी पदराने पुसली.

"वळते, जी बाई. रोज वळते," ती म्हणाली. "मासेबी सारेच वळत होते."